बोट लागलेला संत

माणसाला ऊन लागते, थंडी लागते, दृष्ट लागते. आणि किनारा सोडून तो समुद्रावर गेला की त्याला बोट लागते. आगबोटी येण्यापूर्वी आपले पूर्वज या दुखण्याला काय म्हणत असतील ते असो, परंतु मालवण-वेंगुर्ल्याच्या ज्या पिढ्यांनी आगबोटीने मुंबई गाठली, त्यांना या दोन शब्दांचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मालवणला आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावात बसून तिच्यापर्यंत जात. पडाव एका तालावर हलतो आहे, आगबोट दुसऱ्या तालावर, आणि मधल्या हातभर अंतरातून ट्रंक, वळकटी, आंब्यांची करंडी व कडेवरचे मूल सांभाळीत शिडी पकडायची. पुष्कळांच्या पोटात तेथेच ढवळू लागे. मग खालच्या डेकवरची पथारी, कोळशाचा धूर, सुक्या मासळीचा वास आणि रात्रभराचे हेलकावे. कोणी लिंबू हुंगी, कोणी आल्याचा तुकडा दाढेखाली धरी, आणि देवगड मागे पडेपर्यंत अर्धा डेक आडवा झालेला असे.

या आठवणी आज हसत सांगितल्या जातात. प्रथम रस्त्यांनी आणि नंतर १९९८ साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेने आपल्याला समुद्रापासून इतके दूर नेले आहे की ते हसणे स्वाभाविक आहे. तथापि किनाऱ्यावर अशीही घराणी आहेत की ज्यांत हा विनोद होत नाही. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी एकाच वादळात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी रेवसच्या वाटेवर 'रामदास' गेली आणि तिच्याबरोबर सहाशेहून अधिक माणसे गेली. बोट लागणे हे जिवावरचे दुखणे नव्हे. परंतु ज्याला ते होते त्याला मात्र आपण आता वाचत नाही असेच वाटत असते.

वैद्यकशास्त्र त्याचे कारण साधे सांगते. कानाच्या आत तोल सांभाळणारी जी रचना आहे ती मेंदूला कळवते की शरीर हलत आहे. डोळे समोरच्या फळीकडे पाहून सांगतात की सर्व काही स्थिर आहे. दोन साक्षीदारांच्या या विसंगत जबान्यांत पोटाचा बळी जातो. म्हणूनच अनुभवी तांडेल नवख्या पोराला खाली बसू देत नाही, क्षितिजाकडे पाहायला लावतो. खरा उपाय मात्र एकच, आणि तो म्हणजे पायाखाली जमीन. दूर समुद्रात ही जमीन बेटाच्या रूपानेच भेटते.

आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याला अशा बेटांची ओळख नव्याने करून द्यायला नको. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला. तेथून दक्षिणेस, निवती आणि वेंगुर्ल्याच्या समोर, खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. त्यावर दीपगृह आहे, आणि त्यातील एका अंधाऱ्या गुहेत पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी बांधतात. या घरट्यांची परदेशात मोठी किंमत येते म्हणून त्यांची चोरटी निर्यात चाले. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००१ साली ती उघडकीस आणली. पोर्तुगीज नाविकांनी या पुंजक्याला 'जळकी बेटे' असे नाव दिले होते आणि इंग्रजांच्या नकाशांतही तेच नाव भाषांतरित होऊन आले. बोट लागलेल्या प्रवाशाला येथे उतरण्याचा मोह व्हावा, पण उतरता येऊ नये, अशी ही जागा. भोवती खडक, वर कोरडा कातळ. गलबताच्या तांडेलाला ती दिसली की तो सुकाणू बाहेरच्या बाजूला वळवी.

नोव्हेंबर १५३८ मध्ये गोव्याहून पोर्तुगीज व्हाइसरॉयचे एक मोठे आरमार दीवकडे निघाले. त्यात दों जुआंव द कास्त्रो नावाचा एक सरदार होता. तो शिपाई होता तसाच गणिती होता. गोव्यापासून दीवपर्यंतच्या सर्व किनाऱ्याचे त्याने खाड्या, टेकड्या, खडक आणि बेटे यांसह तपशीलवार टिपण तयार केले. वसईच्या आसपास होकायंत्राची सुई भरकटते हे पाहून, जवळच्या खडकांचा हा परिणाम असावा असा तर्कही त्याने नोंदवला. आपल्या किनाऱ्याचे इतके काळजीपूर्वक केलेले जुने वर्णन दुसरे क्वचितच असेल. हाच कास्त्रो पुढे गोव्याचा गव्हर्नर झाला, आणि १५४८ च्या आरंभी त्याला भेटण्यासाठी कोचीनहून गोव्यामार्गे वसईला एक धर्मगुरू समुद्रमार्गाने गेला. १५४४ च्या अखेरीसही हा धर्मगुरू याच वाटेने वसईकडे गेला होता. त्याचे नाव फ्रान्सिस झेवियर.

म्हणजे ज्यांच्या नावाचे फेस्त आपण दर ३ डिसेंबरला साजरे करतो, ते संत फ्रान्सिस झेवियर आपल्या दारावरून गेले आहेत. या दिवसांत उत्तरेकडे जाणे सोपे नसते. पहाटे जमिनीवरून येणारे मतलई वारे शिडाला थोडा हात देतात. दुपारी वायव्येचा वारा तोंडावर येतो आणि लाटा नौकेच्या नाळेवर आपटू लागतात. किनारा धरून जाणाऱ्या लहान नौकेने अशा वेळी एखाद्या खाडीच्या मुखाशी नांगर टाकून थांबावे, हीच या किनाऱ्याची जुनी रीत. त्या प्रवासात झेवियरना बोट लागली काय, याची नोंद नाही. मात्र बोट लागणे म्हणजे काय ते त्यांना पुरेपूर ठाऊक होते, आणि हे सांगणारा साक्षीदार ते स्वतःच आहेत.

७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, झेवियर लिस्बनहून 'सांतियागो' या जहाजात बसून निघाले. नवा गव्हर्नर मार्तिम अफोन्सो द सोझा याच जहाजावर होता. राजाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना नोकर आणि सामान देऊ केले. त्यांनी काही पुस्तके आणि थंडीसाठी जाडेभरडे कापड तेवढे घेतले. पुढचे आपल्या तसबिरींत दिसते: जहाजाच्या नाळेवर ताठ उभे असलेले संत, हातात क्रूस, नजर पूर्वेकडे. प्रत्यक्षात काय घडले ते १ जानेवारी १५४२ रोजी मोझांबिकहून रोममधील आपल्या बांधवांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी सांगितले आहे. दोन महिने त्यांना बोट लागली होती. आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यासमोर वारा पडला आणि चाळीस दिवस सर्वांचेच फार हाल झाले.

ही कबुली एका वाक्यात येते आणि पत्र पुढे सरकते. पण आपण किनाऱ्यावरची माणसे. आपण येथे क्षणभर थांबले पाहिजे. वारा पडलेला समुद्र शांत असतो अशी घाटमाथ्यावरच्यांची समजूत असते. वारा पडला तरी दूरवरच्या वादळाची लाट पाण्याखालून येतच राहते. शिडात वारा असताना जहाज एका कुशीवर टेकून स्थिर चालते. वारा गेला की ते दोन्ही बाजूंना पाळण्यासारखे झुलू लागते. त्यात विषुववृत्ताचा उकाडा, पिंपातले सडलेले पाणी आणि शेकडो माणसांची दाटी. अशा जहाजावर दोन महिने ज्याच्या पोटात अन्न ठरत नाही, तो माणूस नाळेवर ताठ उभा राहत नाही. आणि तरीही त्या प्रवासात आजाऱ्यांची सेवा करणारे, त्यांची घाण काढणारे झेवियरच होते, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. या दोन गोष्टी आपण एकत्र वाचीत नाही. स्वतः ओकणाऱ्या माणसाने दुसऱ्याची ओकारी काढणे ही कोणत्या जातीची सेवा आहे, हे आगबोटीच्या खालच्या डेकवर रात्र काढलेली आपली आजी मात्र चटकन ओळखील.

ऑगस्टच्या अखेरीस जहाजे मोझांबिक बेटाला लागली आणि तेथेच अडकली. कारण आपल्याला समजावून सांगायला नको: मोसम चुकला होता. लिस्बनहून वेळेवर निघालेले जहाज नैर्ऋत्येच्या वाऱ्यांवर स्वार होऊन सप्टेंबरपर्यंत हिंदुस्थानास पोहोचे. उशीर झाला की पुढचा अनुकूल वारा येईपर्यंत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बसून राहायचे. पाऊस लागण्यापूर्वी मालवणच्या वाळूत होड्या वर ओढतात आणि झावळ्यांनी शाकारतात, नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राकडे कोणी पाहत नाही. तसाच हा सक्तीचा मुक्काम. युरोपीय चरित्रकारांना या सहा महिन्यांची चुटपुट लागलेली दिसते, जणू संतांचा तेवढा काळ वाया गेला. कोकणातल्या वाचकाला तशी चुटपुट वाटण्याचे कारण नाही. समुद्र बंद म्हणजे बंद.

मोझांबिक हे जेमतेम तीन किलोमीटर लांबीचे बेट. बोट लागलेल्या माणसाला जमीन मिळाली, पण ती विसाव्याची नव्हती. पाच जहाजांतून उतरलेल्या आजाऱ्यांनी तेथील इस्पितळ भरून गेले. ताजी भाजी व फळे न मिळाल्याने हिरड्या सुजून रक्त वाहणे, हा त्या काळच्या लांब सफरीचा ठरलेला रोग. त्यात बेटावरचा हिवताप. कित्येक जण तेथेच पुरले गेले. झेवियर आणि त्यांचे दोन सोबती इस्पितळात राहू लागले. अखेर त्यांनाही तापाने गाठले. तापाने फणफणलेले असताना ते आजाऱ्यांच्या खाटांमधून हिंडत असलेले पाहून वैद्याने त्यांना पडून राहण्यास बजावले, अशी साक्ष पुढे नोंदली गेली आहे.

फेब्रुवारी १५४२ च्या अखेरीस गव्हर्नर दुसऱ्या एका जहाजातून पुढे निघाला व त्याने झेवियरना बरोबर घेतले. मालिंदी येथे थोडा मुक्काम झाला, आणि मग ज्या बेटाविषयी मला अधिक लिहावयाचे आहे ते सोकोत्रा लागले.

अरबी समुद्राच्या तोंडाशी, अरबस्तान आणि आफ्रिका यांच्या मधोमध हे बेट एकटे पडलेले आहे. आपल्याकडच्या दर्यावर्दींना ते फार प्राचीन काळापासून माहीत होते. २००१ साली तेथील होक नावाच्या गुहेत ब्राह्मी लिपीतले अनेक लेख सापडले. ख्रिस्तोत्तर पहिल्या काही शतकांत भडोचकडून आलेल्या खलाशांनी व व्यापाऱ्यांनी ती नावे तेथे कोरली किंवा रंगवली होती. कोरफडीचा वाळवलेला रस, ज्याला आपल्या घरांत काळा बोळ म्हणतात, त्यासाठी हे बेट प्रसिद्ध होते. वर्षातले कित्येक महिने नैर्ऋत्येच्या वादळी वाऱ्यांमुळे तेथे जहाज जाऊ शकत नसे. असे हे एकाकी बेट, आणि त्यावर झेवियरना ख्रिस्ती लोक भेटले.

२० सप्टेंबर १५४२ च्या गोव्याहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी या लोकांचे जे वर्णन केले आहे, ते त्या पत्रातला सर्वांत जिवंत भाग आहे, असे माझे मत आहे. भूमी रुक्ष, तांदूळ नाही, गहू नाही, खजूर, दूध आणि मांस हेच अन्न. लोक स्वतःला संत थॉमसने ख्रिस्ती केलेल्यांचे वंशज मानीत. त्यांच्या धर्मगुरूंना लिहिता-वाचता येत नव्हते. प्रार्थना त्यांना तोंडपाठ होत्या, पण ज्या भाषेत ते त्या म्हणत ती त्यांची त्यांनाच समजत नव्हती. त्यांच्याजवळ घंटा नव्हत्या. पवित्र सप्ताहात आपल्या घंटा मुक्या होतात तेव्हा आपण लाकडी खडखड्या वाजवतो, तशा फळ्या वाजवून ते लोकांना प्रार्थनेला बोलावीत. दिवसातून चार वेळा प्रार्थना, आणि उपवासाचा काळ इतका कडक की त्यात दूध-मांसाला स्पर्श नाही.

झेवियरनी तेथील पुष्कळ बालकांना स्नानसंस्कार दिला. आईबापांनी आपल्या गरिबीतून जे होते ते प्रेमाने पुढे केले आणि त्यांना राहण्याचा आग्रह धरला. झेवियरनाही राहायचे होते. तशी परवानगी त्यांनी गव्हर्नरकडे मागितली. गव्हर्नरने ती नाकारली. बेटावर तुर्कांची ये-जा असते, ते आपल्याला पकडून नेतील अशी त्याला भीती वाटली, असे झेवियर लिहितात. गव्हर्नरचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. पोर्तुगीजांनी १५०७ साली त्या बेटावरचा किल्ला जिंकला होता आणि चार वर्षांतच, राखणे परवडत नाही म्हणून, तो सोडून दिला होता. राज्याने ज्या बेटाचा हिशेब एकदा मिटवला होता, तेथे एका धर्मगुरूला ठेवणे त्याला कसे पटावे?

जहाज निघाले. ६ मे १५४२ रोजी, लिस्बन सोडल्यापासून तेरा महिन्यांनी, पावसाच्या अगदी तोंडावर ते गोव्याला पोहोचले. सोकोत्राचे काय झाले? पुढे काही मिशनरी तेथे गेले आणि परतले, परंतु टिकून कोणी राहिले नाही. कालांतराने तेथील ख्रिस्ती समाज नाहीसा झाला. आज त्या बेटावर त्याचे एकही गाव नाही. भाषा न समजता शतकानुशतके प्रार्थना जपणाऱ्या त्या माणसांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. गोव्यातल्या, फिशरी कोस्टवरच्या, मलाक्का आणि जपानमधल्या झेवियरच्या कार्याविषयी ग्रंथ लिहिले गेले, आणि ते योग्यच आहे. मला मात्र सोकोत्राच्या किनाऱ्यावर उभे राहून दूर जाणारे शीड पाहणारे ते लोक वरचेवर आठवतात. आपल्या जिल्ह्यातल्या लहान लहान वस्त्यांना महिनोन् महिने मिस्सा मिळत नसे त्या काळच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांनाही त्या शिडाचा अर्थ कळेल.

संतांच्या समुद्रप्रवासातले लोकांच्या ध्यानात काय राहते, हा एक कुतूहलाचा विषय आहे. आपल्या बाजारात कोळिणीच्या टोपलीत कधीकधी पाठीवर क्रूसासारखी खूण असलेली कुर्ली येते. ती पाहिली की कोणीतरी हमखास सांगते, की मोलुकाच्या समुद्रात वादळ शमवताना झेवियरच्या हातून क्रूस पडला व दुसऱ्या दिवशी एका कुर्लीने तो नांग्यांत धरून किनाऱ्यावर आणून दिला. ही हकीकत १५४६ सालची. परंतु ती सांगणाऱ्याची साक्ष नोंदली गेली ती साठाहून अधिक वर्षांनंतर. येशूसंघीय इतिहासकारांनीही तिच्याविषयी शंका घेतली आहे. झेवियरच्या स्वतःच्या पत्रांत कुर्लीचा उल्लेख नाही. बोट लागल्याचा आहे. कुर्लीची गोष्ट मुलांना सांगू नये असे मी म्हणत नाही. मुलांना ती आवडते, आणि मलाही. पण तिच्याबरोबर दुसरीही सांगावी. पवित्र शास्त्रातही संत पौलाच्या जहाजफुटीची कथा अशीच सांगितली आहे: चौदा दिवस वादळ, जहाजावर दोनशे शहात्तर माणसे, कोणाच्या पोटात अन्न नाही; मग माल्टा बेट, आणि पावसात भिजलेल्या परक्यांसाठी शेकोटी पेटवणारे तेथले अनोळखी रहिवासी. लूकने हे तपशील गाळले नाहीत.

झेवियरच्या आयुष्यातले शेवटचे बेट चीनच्या किनाऱ्याजवळचे शांगचुआन. १५५२ च्या पावसाळ्याच्या शेवटी ते तेथे उतरले. चीनमध्ये परकीयांना बंदी होती, आणि त्यांना गुपचूप कँटनला पोहोचवण्याचे एका चिनी व्यापाऱ्याने मिरीच्या मोबदल्यात कबूल केले होते. पोर्तुगीज व्यापारी या बेटावर हंगामापुरते मांगर उभारीत, फांद्यांचे आणि गवताचे, आणि जाताना ते जाळून टाकीत. तो व्यापारी आला नाही. एकेक जहाज निघून गेले. 'सांता क्रूझ' तेवढे उरले. थंडी वाढली, अन्न कमी झाले.

२१ नोव्हेंबरच्या सुमारास झेवियरना ताप भरला. मांगरापेक्षा जहाजावर बरा निवारा मिळेल म्हणून ते दुसऱ्या दिवशी 'सांता क्रूझ'वर गेले. शेवटपर्यंत त्यांच्याजवळ राहिलेला अंतोनियो नावाचा चिनी ख्रिस्ती तरुण पुढची हकीकत सांगतो. रात्रभर जहाज हेलकावत राहिले आणि ते हेलकावे त्यांना सोसवेनात. लिस्बनहून निघताना पस्तीस वर्षांच्या धडधाकट शरीराला जे सोसले नव्हते, ते शेचाळिसाव्या वर्षी तापाने जर्जर झालेल्या शरीराला कसे सोसावे? अकरा वर्षांत हजारो कोस समुद्र ओलांडूनही समुद्राने त्यांना आपले म्हटले नव्हते. सकाळी ते परत बेटावर उतरले. थंडीसाठी कोणी दिलेली एक जाड विजार आणि थोडे बदाम एवढेच त्यांच्याजवळ होते. एका व्यापाऱ्याने त्यांना आपल्या मांगरात नेले. त्यांचे रक्त काढण्यात आले, तसे ते बेशुद्ध झाले. मळमळ इतकी होती की अन्नाचा कण आत जात नव्हता. ३ डिसेंबरच्या पहाटे, अंतोनियोने हातात धरलेल्या मेणबत्तीच्या उजेडात, त्यांनी प्राण सोडला.

थंडी फार होती म्हणून दफनाला मोजून चार माणसे आली. हाडे लवकर मोकळी व्हावीत आणि हिंदुस्थानास नेता यावीत, म्हणून पेटीत चुना भरला. फेब्रुवारी १५५३ मध्ये ती उघडून पाहिली तेव्हा देह तसाच होता. ज्या जहाजाच्या हेलकाव्यांनी त्यांना परत उतरवले होते, त्याच 'सांता क्रूझ'वर ती पेटी चढवण्यात आली, आणि जहाज मलाक्काच्या वाटेला लागले.